शुश्रूषेची दोन भांडी

श्रोतेहो, कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर आपणांस परके नाही. १७९८ साली गादी गेल्यावर तंजावरचे अमरसिंह भोसले तेथेच येऊन राहिले. मात्र आज मी सांगणार आहे ती शेजारच्या कुंभकोणमची गोष्ट.

गणिती श्रीनिवास रामानुजन् १९१९ साली विलायतेहून जर्जर होऊन परतले. पत्नी जानकी तेव्हा अवघी २० वर्षांची. भात, ताक, लिंबाचा रस वेळच्या वेळी द्यावा, छाती नि पाय दुखू लागले की शेकावे, हा तिचा नित्यक्रम झाला. पण ती एकटी नव्हती. घरात सासू होती. मद्रासेत नंबेरुमाळ चेट्टींनी बिनभाड्याने घर दिले, श्रीनिवास अय्यंगारांनी खर्चाचा भार उचलला, डॉक्टर चंद्रशेखर अय्यर उपचार करीत. त्या अंथरुणावरही रामानुजन् गणिते मांडीतच राहिले.

२६ एप्रिल १९२० रोजी ते गेले. पाणी तापविण्याची ती दोन भांडी मात्र जानकीअम्माळनी पुढे कित्येक वर्षे जपून ठेवली.

रोग्याच्या समाचारास आपण सारेच जातो. जाल तेव्हा उशाशी बसलेल्या माणसाचीही विचारपूस करा. आणि निघताना त्याच्या डोक्यावरचे एखादे ओझे, न बोलता, आपल्याबरोबर घेऊन या.