न आवडणारी नायिका
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा सारांश)

हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ ही १९९६ सालची इंग्रजी विनोदी प्रेमकथा. लंडनमध्ये प्रकाशनसंस्थेत नोकरी करणारी ब्रिजेट रोज वजन, सिगारेटी, दारूचे पेले मोजते. साहेब डॅनियल तिच्या तोकड्या स्कर्टवरून संगणकावर निरोप धाडतो; तीही खुशीत उत्तरं देते. मला ब्रिजेट आवडली नाही, उथळ वाटली. डॅनियलला मात्र ‘पुरुष असेच’ म्हणून सोडून दिलं.

मग एक तक्रार आठवली. १९९७च्या विशाखा निकालानंतर आमच्या कार्यालयात नेमलेल्या समितीत मी होते. एका मुलीने साहेबांच्या चिठ्ठ्यांबद्दल तक्रार केली. मुलगी भांडखोर, कामात ढिली. ‘हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ असं मीच म्हटलं. तो कसा वागला याआधी ती कशी आहे, हे विचारलं.

ब्रिजेटला ते निरोप हवेसे होते. या मुलीला नको होते, आणि तसं तिने साहेबांना सांगितलंही होतं. २०१३च्या कायद्यातही वर्तन नकोसं होतं का, हीच कसोटी आहे. बाई गुणी असण्याची अट त्यात नाही. ती आपण घालतो. न आवडणाऱ्या बाईच्या बाजूने आपण उभ्या राहणार का, एवढंच मला विचारायचं आहे.