शेवटची चढाई



कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात भातकापणी आटोपली की शेतातली ढेकळं फोडून कबड्डीचं मैदान तयार होतं. फक्कीच्या रेषा पडतात, रात्रीचे दिवे लागतात आणि गावोगावचे संघ टेम्पोत बसून येतात. अशा मैदानांवर पंचगिरी करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे आज कबड्डीवरच बोलतो, आणि तेही हरण्यावर. दुबळा संघ हरला तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. ज्याची मिरवणूक आधीच ठरलेली असते तो हरला की गाव वर्षानुवर्षं बोलत राहतं.

ऑगस्ट २०१८, जकार्ता. एशियाडमध्ये १९९० साली कबड्डी आली, तेव्हापासून पुरुषांची सातच्या सात सुवर्णपदकं भारताची. जकार्तात मात्र गटात दक्षिण कोरियानं आपल्याला २४-२३ असं हरवलं आणि उपांत्य सामन्यात इराणनं २७-१८. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला आपल्या मुली १३-११ अशा पुढे होत्या, पण शेवटी इराण २७-२४ नं जिंकलं. जो खेळ आपण अंगणात शिकलो, त्याची दोन्ही सुवर्णपदकं चोवीस तासांत गेली. रायगडात त्या रात्री किती घरांत नीट जेवण झालं नसेल, याची मला कल्पना आहे.

पण हे अचानक झालं, असं मी मानत नाही. २०१४ ला इंचॉनच्या अंतिम सामन्यात इराणला आपण २७-२५ असं कसंबसं हरवलं होतं. २०१६ ला अहमदाबादच्या विश्वचषकात, आपल्याच प्रेक्षकांसमोर, पहिल्याच सामन्यात कोरियानं आपल्याला ३४-३२ असा धक्का दिला. पुढे चषक आपणच जिंकलो आणि तो धक्का विजयाच्या गुलालाखाली झाकला गेला. दरम्यान समोरचे खेळाडू आपल्याच प्रो कबड्डीत शिकत होते. इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचली आपल्या चढाईपटूंसोबत आणि त्यांच्याविरुद्ध खेळून तयार झाला. जकार्ताच्या काही महिने आधी यू मुंबा संघानं त्याला एक कोटी रुपये मोजून लिलावात घेतलं होतं. त्याला आपली प्रत्येक चाल ठाऊक होती. त्याच्या संघाचा तेवढा अभ्यास आपण केला होता का?

आणि इराणच्या मुलींना घडवलं कुणी? नाशिकच्या शैलजा जैन यांनी. निवृत्तीनंतर भारतीय संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, पण ती संधी मिळाली नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मग त्या इराणला गेल्या. मुलींशी बोलता यावं म्हणून थोडी फारसी शिकल्या. त्यांच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. अंतिम सामन्यात समोर आपला देश होता आणि त्या पलीकडच्या बाकावर होत्या. काहींनी तेव्हा त्यांना नावं ठेवली. मला मात्र त्यांचा अभिमान वाटतो. शिक्षकानं आपल्यासमोर बसलेल्या मुलांसाठी जीव तोडायचा असतो. राग यायचाच असेल, तर एवढी जाणती बाई आपल्या हातून निसटली याचा यावा.

तुम्ही खालापूरकर उंबरखिंडीत सहलीला जाता. १६६१ साली मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला. संख्या त्याची, साधनं त्याची. पण खिंड ओळखणारे मावळे झाडीत दबा धरून बसले होते. शेवटी खान शरण आला आणि सारं सामान टाकून परत गेला. जकार्तात घाट उतरणारी फौज आपली होती.

आता मुंबईकडे वळू. मे १९९१, वानखेडे, रणजी करंडकाचा अंतिम सामना. मुंबईकडे तीस विजेतेपदं होती, आणि संघात वेंगसरकर, मांजरेकर, तेंडुलकर, कांबळी. कपिल देवच्या हरियाणानं करंडक एकदाही जिंकला नव्हता. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. सचिननं ९६ केल्या. वेंगसरकर १३९ वर नाबाद उभे होते आणि शेवटच्या जोडीनं विजय तीन धावांवर आणून ठेवला होता. तेवढ्यात अॅबी कुरुविला धावबाद झाला. दोन धावांनी हार. वेंगसरकर मैदानातच रडले.

लोक आजही तो धावबाद सांगतात. पहिल्या डावात हरियाणाच्या ५२२ ला मुंबईनं ४१० वर उत्तर दिलं होतं, हे कुणी सांगत नाही. त्या ११२ धावांच्या पिछाडीचा भार अकराव्या क्रमांकाच्या पोरानं का वाहायचा? कुरुविला पुढे १९९७ मध्ये भारतासाठी दहा कसोटी सामने खेळला, ही त्याची हिंमत.

हे एवढं सांगायला कारण आहे. तुमच्या शाळेचा मुलींचा संघ यंदा तालुक्यात सर्वांत बलवान होता आणि उपांत्य फेरीत एका गुणानं हरला. शेवटच्या चढाईत जिची पकड झाली, ती मुलगी तेव्हापासून सरावाला येत नाही, असं तुमच्या क्रीडाशिक्षकांकडून कळलं. मी गुणपत्रक मागवून घेतलं. पंचाला ते गोष्टीसारखं वाचता येतं.

मध्यंतरानंतर तुम्ही नऊ गुणांनी पुढे होतात. समोर तिघीच उरल्या होत्या आणि तुम्हाला लोण हवा होता. घाई झाली. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जणी असताना पकड केली की ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. तुमच्या लागोपाठ तीन चढाया पकडल्या गेल्या, त्यांतली पहिली अव्वल पकडीत: चार गुण तिथेच गेले. शिवाय दर पकडीला तुमची एक बाहेर, त्यांची एक आत. थोड्याच वेळात सात विरुद्ध तीनचा डाव चार विरुद्ध सहा झाला आणि पुढे लोण तुमच्यावरच चढला. कबड्डीत पडझड ही अशी वाढत जाते. त्या पूर्ण वेळात शेवटच्या चढाईची ती मुलगी बाहेर बसलेली होती. गुणपत्रकात स्पष्ट दिसतंय. ती आत आली तेव्हा सामना जवळजवळ संपला होता, आणि एका गुणाची आशा तिनंच जागवली होती, आधीच्या चढाईत बोनस घेऊन.

पालकांनो, घरी, एसटीत, लग्नात तिला कुणी त्या चढाईबद्दल विचारलं, तर हे गुणपत्रक दाखवा. मी त्याची प्रत कार्यालयात ठेवली आहे. जकार्तानंतर पाच वर्षांनी हांगझोऊमध्ये आपल्या महिला संघानं सुवर्ण परत मिळवलं, तेही २६-२५ असं, एकाच गुणानं. ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं. तो एक गुण तिकडेही जाऊ शकला असता.

मुख्याध्यापक सरांची परवानगी मी घेतली आहे. सोमवारी सकाळी सात वाजता मी तुमच्या मैदानावर येतोय. समोर तिघी असताना चढाई कशी करायची, धीर कसा धरायचा आणि रिकामं परत येणं कधी शहाणपणाचं, एवढंच त्या दिवशी करू. पूर्ण संघ यावा. बाळा, पहिली चढाई तुझी.