नांव सातबाऱ्यावरचें

परांडा तालुक्यांतील सोनारी काळभैरवनाथामुळें सर्वश्रुत. परंतु भोंवतालचा मुलूख अवर्षणाचा. २०१९ सालीं सुरू झालेल्या किसान सन्मान निधीनें येथील खातेदारासही वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, थेट बँकेंत मिळूं लागले. २०२३ सालीं राज्यानें तेवढ्याच रकमेची जोड दिली. मध्यस्थ गेला, हें काम लहान नव्हे. मात्र पैसा जातो तो सातबाऱ्यावरील नांवाकडे. मालक पुण्यास स्थायिक झालेला असला, तरी प्राप्तिकर भरीत नसल्यास हप्ता त्याचाच. खुरपणींत दिवस घालविणारी गृहिणी, जमीन तिच्या नांवें नसेल, तर यादींत नाहीं. बटाईनें कसणाराही नाहीं. आणि पाऊस हुकला म्हणजे निम्मे बियाणें बुडतें तें त्याचें.