पूल खालून बघायचा असतो

जेवणं आटपून, भांडी पालथी घालून रेडिओ लावला असेल ना? आज हप्त्याचा विषय नाही, हिशोबाची वही नाही. आज तुम्हाला लाँचमधून फिरवून आणते, थेट कोलकात्याला, हुगळी नदीत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाला तिथल्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला. आमसुलं, कोकम सरबत आणि नाचणीचे लाडू घेऊन आम्ही चौघी गेलो. माल खपला. परतीची गाडी रात्रीची, म्हणजे अख्खा दिवस हाताशी. मी म्हटलं, नदीतून फिरून येऊ. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, पाणी बघायला पैसे घालायचे? आपल्या सावित्रीला काय कमी पाणी आहे? आणि घरी काय सांगू?" आम्ही महाड तालुक्यातल्या, नदीचं कौतुक आम्हाला कोण सांगणार! पण शेवटी काकूही आल्या.

लाँच बाबूघाटावरून सुटली. तिथे मोठ्या खांबांचा जुना मंडप आहे. तो 1830 मध्ये राणी रासमणी या बाईच्या नवऱ्याच्या खर्चाने बांधला गेला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडं पुढे गेल्यावर हावडा पूल आला. सिनेमात तो आपण सगळ्यांनी बघितलाय. पण लाँच त्याच्या खाली शिरली आणि आमच्या माना वरच राहिल्या. एवढी रुंद नदी, पण पाण्यात एक खांब नाही! पुलाला पोलाद लागलं 26,500 टन, त्यातलं बहुतेक टाटांच्या कारखान्यातलं. सगळे जोड रिव्हेटचे, नट-बोल्ट नाहीत. आपण झोपाळा कड्यांना टांगतो, तसा खालचा रस्ता वरच्या सांगाड्याला टांगलेला आहे. युद्धाच्या धामधुमीत 1943 मध्ये हा पूल खुला झाला. त्याआधी तिथे तरंगता पूल होता. जहाज आलं की तो मधून उघडायचे आणि माणसं थांबून राहायची.

आता गंमत ऐका. एवढ्या बलदंड पुलाला कशाने जेरीस आणलं? पानाच्या पिचकाऱ्यांनी! येणारेजाणारे टांगण्यांच्या बुडाशी थुंकायचे. चुन्या-काताने पोलाद खाल्लं. 2011 च्या पाहणीत दिसलं, की बुडाशी 6 मिलिमीटरचा संरक्षक पत्रा 3 मिलिमीटरपेक्षाही पातळ झालाय. मग त्यावर फायबरची कवचं बसवली. कोणीतरी वाकून बघितलं, मोजलं, म्हणून ते कळलं.

हे मी सांगत होते आणि काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आपल्या पुलाचं असंच कोणी बघितलं असतं तर?" आम्ही कोणीच बोललो नाही. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आमच्याकडे कोण विसरेल? सावित्रीला पूर आला आणि महाडजवळचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या गेल्या. घरी वाट बघत बसलेल्यांची माणसं गेली. त्या पुलावरून आम्ही कितीदा ये-जा केली असेल. खाली वाकून एकदाही बघितलं नव्हतं.

लाँच पुढे चालली. डाव्या हाताला बेलूर मठ गेला, मग बालीचा जुना रेल्वेपूल आणि त्याला चिकटून नवा पूल. त्यांच्या पलीकडे उजव्या काठावर दक्षिणेश्वरचं नऊ शिखरांचं देऊळ आणि नदीकडेने ओळीत 12 शिवमंदिरं. 1855 मध्ये पुरं झालेलं हे देऊळ त्या रासमणीचंच. विधवा बाई, तिची जात खालची मानायचे, म्हणून तिच्या देवळाला पुजारी मिळायला मारामार. पण बाई मागे हटली नाही.

तिची आणखी एक गोष्ट तिकडे सांगतात. कंपनी सरकारने गंगेत मासे धरण्यावर कर बसवला. कोळी तिच्याकडे गेले. तिने काय करावं? कंपनीकडूनच नदीचा तो पट्टा भाड्याने घेतला आणि आडव्या लोखंडी साखळ्या लावल्या. जहाजं अडकली. साहेब विचारायला आले तेव्हा म्हणाली, भाडं भरलंय, माझ्या कोळ्यांच्या जाळ्यांना जहाजांचा त्रास होतो. शेवटी कर उठला! काकू म्हणाल्या, "बाईने कागद नीट वाचला होता हो!"

मैत्रिणींनो, घरी आल्यावर आम्ही पहिलं काम काय केलं सांगू? वाडीच्या ओढ्यावरचा साकव खालून बघितला. आमची मुलं रोज त्यावरून शाळेत जातात. एका खांबाच्या बुडाची माती पाण्याने उकरून नेलेली, कठड्याच्या सळ्या गंजून उघड्या पडलेल्या. वरून काहीच कळत नव्हतं. आम्ही मोबाईलवर फोटो काढले, अर्ज लिहिला. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे विषय मांडला आणि ठरावात लिहून घेतला. अर्जाची पोच घेतली. इंजिनिअर येऊन मापं घेऊन गेलेत. दुरुस्ती अजून व्हायची आहे. दर बैठकीत आम्ही विचारतो, कुठवर आलं?

तुम्हीही करा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गटातल्या चौघी-पाचजणी मिळून जा. एकटीने नको. खांबाची माती गेलीय का, भेगा आहेत का, लोखंड उघडं पडलंय का, एवढंच बघा आणि तारीख घालून वहीत लिहा. पाऊस सुरू झाल्यावर बघून उपयोग नाही.

आणि हो, कधी परगावी गेलात तर लाँचच्या तिकिटाचे पैसे वाया गेले असं म्हणू नका. काकू आता स्वतःच सगळ्यांना सांगतात, "पूल खालून बघायचा असतो गं!"

येते मी. नमस्कार.