जुन्या संगणकातील मराठी दप्तर : जतनाची निकड
(भालकी येथे शिक्षक, पंचायत कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी तत्कालीन म्हैसूर, म्हणजेच आजच्या कर्नाटक राज्यात आली. सीमा आखली गेली, तरी येथील अनेक घरांची व शाळांची भाषा मराठीच राहिली. अशा मुलखात मराठी कागद जपणे हे केवळ कारकुनी काम नव्हे. आज या कागदांचा मोठा भाग संगणकात आहे, आणि संगणक जुने झाले की त्यातील मराठी मुकी होते. त्यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणक 'क' हे अक्षर साठवीत नाही. तो त्या अक्षराचा क्रमांक साठवितो. १९९० च्या दशकात प्रचलित झालेल्या अनेक मराठी अक्षरसंचांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकृती बसविलेल्या होत्या. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. तो अक्षरसंच यंत्रावर असेल तर मजकूर मराठीत दिसतो. नसेल तर रोमन अक्षरांची व चिन्हांची गिचमीड दिसते. फाईल शाबूत असते, मात्र तिचा दुभाषी हरवलेला असतो.

यावर उपाय म्हणून युनिकोड पद्धत आली. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला १२८ व कन्नडलाही १२८ स्वतंत्र जागा असून, दोन्ही लिप्यांचा अक्षरक्रम भारतीय 'इस्की' संकेतनाच्या आधारे एकसारखा लावलेला आहे. २००९ साली भारत सरकारने ई-प्रशासनासाठी हेच मानक स्वीकारले. इनस्क्रिप्ट कळफलकावर कन्नड 'क' आणि मराठी 'क' यांची कळ एकच आहे. दोन्ही भाषा शिकविणाऱ्या भालकीच्या शिक्षकाला ही मोठीच सोय होय.

तथापि जुन्या यंत्रांवर युनिकोडही अडखळते. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम सुरू करावी लागे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यामुळे त्यापूर्वीच्या अक्षरसंचांत त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते.

चित्रे व ध्वनी यांचीही तीच कथा आहे. फ्लॅश पद्धतीने बनविलेले चलचित्र-पाठ अनेक शाळांनी वापरले. त्या पद्धतीचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. पेजमेकरची अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ साली निघाली. जुने सोळा-बिटी कार्यक्रम चौसष्ट-बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत. विंडोज एक्सपीचा सुरक्षा-आधार २०१४ मध्ये, तर विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार २०२० मध्ये बंद झाला.

मग शाळेने व पंचायतीने काय करावे? पहिली गोष्ट, जुना संगणक घाईने भंगारात देऊ नये. तो इंटरनेटपासून तोडून ठेवावा. जुन्या फायली उघडण्यास तोच उपयोगी पडेल. दुसरी, त्यावरूनच प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची पीडीएफ प्रत काढावी आणि तीत अक्षरसंच अंतर्भूत आहे याची खात्री करावी. तिसरी, मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी येथे चुका होतात. विद्यार्थ्याच्या नावातील एक चुकलेली वेलांटी पुढे दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत त्याची पाठ सोडत नाही. म्हणून प्रत्येक नाव मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे. चौथी, सीडीवरील पाठ व छायाचित्रे दोन निरनिराळ्या साधनांवर उतरवून ती दोन ठिकाणी ठेवावीत. आणि मूळ कागदी नोंदवही कोणत्याही परिस्थितीत टाकून देऊ नये.

या कामास मोठा खर्च लागत नाही. संगणक जाणणारा एक तरुण, जुनी नावे ओळखणारा एक वृद्ध शिक्षक आणि रोजचा एक तास एवढे भांडवल पुरेसे आहे. मात्र जुने यंत्र एकदा कायमचे बंद पडले, की हेच काम कितीतरी अवघड होईल. ते चालू आहे तोवरच गावोगावी या कार्यास प्रारंभ व्हावा, हीच अपेक्षा.