फिर्याद नसलेला मनुष्य



रोगी आपल्याकडे फिर्याद घेऊन येतो, आणि तिची रुजुवात करून इलाजाची तजवीज करणे हे वैद्यकाचे परंपरागत कर्तव्य होय. परंतु तिशी उलटलेला जो धडधाकट मनुष्य रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रावर बोलावला जातो, त्याची कसलीच फिर्याद नसते. त्याच्या निश्चिंत आयुष्यात शंका घेऊन आपणच शिरतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयीची आपली जबाबदारी, माझ्या मते, रोग्याविषयीच्या जबाबदारीहून गुरुतर आहे.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा जो अभ्यास आरंभिला, त्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून, पांढरा पडणारा भाग हेरण्याचे काम डॉक्टरांनी नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केले. आणि ज्या वस्त्यांत ही तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आम्लाचे श्रेय आम्लाला द्यावेच. पण घरोघर जाऊन, संकोचलेल्या स्त्रीशी बोलून, तिला तपासणीच्या मेजापर्यंत आणणाऱ्या वाणीचे श्रेय मी त्याहून थोर मानतो.

बोलणे म्हणजे उपदेश नव्हे. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास आपल्याकडील कित्येक बाया निःशंकपणे नाही म्हणतात, आणि ते असत्यही नसते. ‘सकाळी मिश्री लावता का?’ असे विचारताच त्या सहज मान डोलावतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. प्रश्नाचा शब्द त्यांच्या घरातला हवा.

हे मी उशिरा शिकलो. उमेदवारीच्या काळात एका उपकेंद्रावर, लसीकरणाच्या दिवशी, सुनेसोबत आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंचा रक्तदाब मी सहज म्हणून मोजला. तो १७० वर १०४ भरला. दुसऱ्या दंडावरही तोच. मी गोळ्यांची पुडी त्यांच्या हाती ठेवली, ‘मीठ कमी करा, पुढच्या गुरुवारी या’ एवढे सांगितले, नोंदवहीत आकडा लिहिला आणि पुढच्या बाळाकडे वळलो. पुढच्या गुरुवारचा रकाना कोरा राहिला, त्यापुढचाही. आणि रांग मोठी असल्याने त्या कोऱ्या रकान्याकडे पाहण्याची सवड मी काढली नाही.

सहा महिन्यांनी अन्य कामानिमित्त त्या वस्तीवर गेलो, तेव्हा त्या बाई ओसरीतल्या बाजेवर पडून होत्या. उजवे अंग लुळे, वाचा अडखळलेली. गोळ्यांची पुडी देवळीत तशीच होती. सून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आत्याबाई म्हणायच्या, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशापायी खायची?”

प्रश्न अत्यंत सयुक्तिक होता. रक्तदाब न दुखताच वाढतो, आणि दुखत नाही म्हणूनच मोजावा लागतो, हे त्यांच्या शेजारी बसून सांगायला त्या गुरुवारी मला फार तर पाच मिनिटे लागली असती.