आणणें सोपें, घालविणें अवघड

नागपुरांत १९६० सालीं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झालें, त्या वेळीं शहरांतील एकाहि घरीं संगणक नव्हता. आज तें महाविद्यालय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें; परसोडीचें आयटी पार्क आणि मिहान येथें संगणकाचे प्रोग्राम लिहिणें हा अनेक तरुणांचा चरितार्थ झाला आहे; आणि धंतोलीपासून त्रिमूर्तीनगरापर्यंत कितीतरी घरीं रात्रीं एखादा मुलगा अथवा मुलगी काळ्या पडद्यासमोर बसलेली दिसते. त्या पडद्यावर चित्र नसतें, दाबावयाचें बटणहि नसतें. एक खूण लुकलुकत असते व ती लेखी आज्ञेची वाट पाहते. यालाच कमांड लाइन म्हणतात. आईबापांना हा प्रकार गूढ वाटतो. वस्तुतः तेथें जें चालतें तें संसारी माणसाच्या चांगल्या परिचयाचें आहे: बाहेरून वस्तु आणणें, आणि नको झाली कीं ती घालविणें.

प्रोग्राम लिहिणारा सारें कांहीं स्वतः लिहीत नाहीं. स्वैपाक करणारी गृहिणी मीठ स्वतः पिकवीत नाहीं, तसेंच हें आहे. तारखांचें गणित, आलेख काढणें, दूरच्या यंत्राकडून मजकूर मागविणें, अशीं नित्याचीं कामें दुसऱ्यांनीं पूर्वींच करून ठेविलेलीं असतात. अशा तयार कामांच्या संचाला लायब्ररी म्हणतात, व ती ज्या बांधलेल्या रूपांत मिळते त्याला पॅकेज. पायथॉन या भाषेपुरतें पाहिलें तर तिच्या पॅकेजांचें सार्वजनिक भांडार, पायपीआय, २००३ सालीं सुरू झालें. आणि त्यांतून पॅकेज आणून देणारा 'पिप' नांवाचा हरकाम्या इअन बिकिंग यांनीं २००८ सालीं तयार केला. 'पिप इन्स्टॉल' एवढें लिहून पुढें पॅकेजाचें नांव दिलें कीं पिप भांडारांत जातो, योग्य आवृत्ति निवडतो, ती उतरवून घेतो व यंत्रांतील ठराविक जागीं मांडून ठेवतो. त्याला पैसा पडत नाहीं कीं कोणाची चिठ्ठी लागत नाहीं.

येथपर्यंत सारें सोपें. परंतु आमंत्रण एका पाहुण्याला दिलें तरी तो एकटा येत नाहीं. 'रिक्वेस्ट्स' हें पायथॉनमधील अत्यंत लोकप्रिय पॅकेज घ्या. संकेतस्थळांवरून मजकूर आणणें हें त्याचें काम. तें मागविलें असतां त्याच्यामागून आणखी चार पॅकेजें येतात: एक जोडणी सांभाळणारें, दुसरें संकेतस्थळांचीं परभाषी नांवें वाचणारें, तिसरें विश्वासाचीं प्रमाणपत्रें बाळगणारें, आणि चौथें मजकुराची सांकेतिक लिपि ओळखणारें. मराठीच्या कामांतहि हेंच घडतें. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानें २०२२ सालीं 'महाएनएलपी' ही लायब्ररी प्रसिद्ध केली. मराठी वाक्यांतील भाव, व्यक्तींचीं व गांवांचीं नांवें, द्वेषाची भाषा हीं यंत्राला ओळखतां यावींत हा तिचा हेतु. नागपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीनें ती आणली, तर मराठीसाठीं उघडलेल्या दारांतून जगभरच्या गणिती पॅकेजांचा गोतावळा आंत येतो. कारण असलीं मॉडेलें चालविण्याची यंत्रसामग्री त्या पॅकेजांतच असते. यांत गैर कांहीं नाहीं. मात्र कोण कोण आलें याचें भान हवें.

खरी अडचण निरोपाच्या वेळीं येते. 'पिप अनइन्स्टॉल' अशी आज्ञा दिली कीं काय काय पुसलें जाईल तें पिप दाखवितो, संमति विचारतो, आणि मगच हात लावतो. पॅकेज मांडतांना त्यांतील प्रत्येक फायलीची यादी 'रेकॉर्ड' नांवाच्या टिपणांत लिहिलेली असते. तिच्या आधारें तो नेमकें तेवढेंच काढतो. पण तेवढेंच. रिक्वेस्ट्स गेलें तरी त्याचे चार सोबती घरांतच राहतात. यांत पिपची सावधगिरी आहे. तेच सोबती दुसऱ्या एखाद्या पॅकेजाच्याहि उपयोगीं पडत असले, तर त्यांना घालविल्यानें तें बंद पडेल. डेबियन, उबुंटु या प्रणालींतील 'ॲप्ट' हा कोण बोलावलेला व कोण मागून आलेला याची नोंद ठेवतो, आणि 'ऑटोरिमूव्ह' म्हटलें कीं ज्यांचें कोणाला काम उरलें नाहीं त्यांना वाट दाखवितो. पिपजवळ अशी आज्ञा नाहीं. परिणामीं यंत्रावर पॅकेजें सांचत जातात. एका कामाला जुनी आवृत्ति लागते, दुसऱ्याला नवी. आणि काल चालणारा प्रोग्राम नेमका परीक्षेच्या आदल्या रात्रीं चालेनासा होतो.

यावरचा उपाय जुन्या वाड्यांच्या मालकांना ठाऊक होता: प्रत्येक कुटुंबाला वेगळें बिऱ्हाड. पायथॉनमध्यें २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून 'व्हेन्व्ह' नांवाची सोय आहे. प्रत्येक कामासाठीं एक स्वतंत्र फोल्डर करावें, त्यांत त्या कामाचींच पॅकेजें आणावींत, आणि 'पिप फ्रीझ' या आज्ञेनें आवृत्त्यांसह त्यांची यादी काढून जपून ठेवावी. स्वतः लिहिलेला प्रोग्राम मात्र त्या फोल्डराबाहेर असावा. काम संपलें कीं फोल्डर सबंध पुसावें. गोतावळ्यासह बिऱ्हाड उठतें, आणि यादी हातीं असल्यास हवें तेव्हां पुन्हां मांडतां येतें. ही शिस्त इतकी आवश्यक ठरली कीं, २०२३ सालीं निघालेल्या डेबियन १२ मध्यें प्रणालीच्या मूळ पायथॉनांत पिपनें पॅकेज घालूं गेल्यास नकार मिळतो व वेगळें बिऱ्हाड करण्याची सूचना पडद्यावर येते.

तथापि नीटनेटकेपणा हा या विषयाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा विश्वासाचा आहे. पॅकेज आणणें म्हणजे अनोळखी माणसाचें काम आपल्या यंत्रावर चालूं देणें होय. जावास्क्रिप्ट भाषेच्या 'एनपीएम' या भांडारांत 'क्रॉस-एन्व्ह' नांवाचें एक उपयुक्त पॅकेज आहे. २०१७ सालीं कोणीतरी त्या नांवांतील मधली आडवी रेघ गाळून दुसरेंच पॅकेज तेथें ठेविलें. घाईनें एक खूण चुकलेल्याच्या यंत्रावरील गुप्त माहिती तें परस्पर बाहेर धाडीत असे. असलें पॅकेज मागाहून काढून भागत नाहीं. गेलेलें गुपित अनइन्स्टॉलनें परत येत नाहीं; कुलुपेंच बदलावीं लागतात.

शिवाय पॅकेज घालविण्याचा अधिकार एकट्या आणणाऱ्याकडे नसतो. अझर कोचुलु या प्रोग्रामरचा एका नांवाच्या हक्कावरून किक या कंपनीशीं वाद झाला व एनपीएमनें तें नांव कंपनीला दिलें, तेव्हां २२ मार्च २०१६ रोजीं त्यानें आपलीं २७३ पॅकेजें भांडारांतून काढून घेतलीं. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नांवाचें अवघ्या ११ ओळींचें एक होतें. अक्षरांच्या डावीकडे कोऱ्या जागा भरणें एवढेंच त्याचें काम. ज्यांनीं त्याचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा लोकांचीं कामें त्या दिवशीं अडलीं, कारण त्यांच्या पाहुण्यांच्या पाहुण्यांना तें लागत होतें. भांडाराला तें कांहीं तासांतच परत ठेवावें लागलें, आणि कर्त्यानें मनाला येईल तेव्हां पॅकेज काढून घेण्यावर मर्यादा घालावी लागली.

ज्या श्रोत्यांच्या घरीं हें शिक्षण चालू आहे, त्यांना पायथॉन येत नसलें तरी मुलांना विचारतां येतील असे प्रश्न आहेत. हें पॅकेज कोणीं केलें? नांवाचें अक्षरन् अक्षर पडताळलें काय? त्याच्याबरोबर आणखी कोण आलें? काम संपल्यावर सारीं जाणार कशीं? एका ओळीच्या आज्ञेनें परक्याचे वर्षानुवर्षांचे श्रम फुकट हातीं येतात. ते घेणाऱ्यानें निदान आपण काय घेतलें तें लिहून ठेवावें, एवढें देणें त्याच्याकडे लागतेंच.